गॅझेटच्या आदल्या दिवशी

१८८८ सालचा फेब्रुवारी. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलपुढे मुंबई शहराच्या म्युनिसिपालिटीचं विधेयक आहे. कलमं पाचशेच्या वर. कोण सभासद काय बोलला, ते छापून राहिलं. ते ज्यांनी शिशाच्या खिळ्यांत जुळवलं, त्यांची नावं कुठेच नाहीत. म्हणून हा बुधवार एका जुळाऱ्याबरोबर काढायचा. हा एकच एक माणूस नव्हे. अशा अनेकांच्या कामावरून तो उभा केला आहे, त्याचा पगार आणि त्याचा दिवसही तसाच. कौन्सिल, विधेयक आणि त्यांतली नावं मात्र खरी आहेत. वेळा मुंबईच्या घड्याळाच्या. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावते, ती शहरापुढे साधारण अर्धा तास.

पहाटे ५.००

गिरगावातली चाळ. खाली नळ एक, हंडे चाळीस. जुळाऱ्याची बायको रांगेत तिसरी आहे. हंडा तिने कालच रांगेत ठेवलेला, म्हणून नंबर लागला. पाणी विहार तलावाचं. १८६० साली ते शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशीचं आलं. तरी पुरत नाही. तानसाच्या धरणाचं काम सुरू आहे, ते पुरं व्हायला अजून काही वर्षं जायची आहेत.

मागच्या गल्लीतून हलालखोर टोपली घेऊन जातो. उजाडायच्या आत त्याला सगळ्या चाळींचे संडास उरकायचे असतात. त्याच्या कामासाठी शहर वेगळा कर घेतं. त्याचं नावच हलालखोर कर. तो नव्या विधेयकातही आहे. जुळाऱ्याला हे माहीत आहे, कारण ते कलम त्याने मागच्या आठवड्यात जुळवलं.

तो वर येतो. दोन कळश्या त्याच्या हातात, हंडा बायकोच्या कमरेवर. तीन जिने.

सकाळी ७.००

पेज, लोणचं, भाजलेला बोंबील. दोन मुलं झोपलेली आहेत. बायको भाकरी बांधून देते.

"अहो, मीठ संपलंय."

"गेल्या आठवड्यात तर आणलं."

"वाणी कमी घालतो. म्हणतो, सरकारनं वाढवलं."

वाणी खोटं बोलत नाही. जानेवारीत मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. हुकूम वरून आला, हिंदुस्थान सरकारकडून. मणामागे आठ आणे. बायकोला मणाचा हिशेब माहीत नाही. तिला चिमूट कळते.

पगार पंधरा रुपये धरू. त्यातले अडीच रुपये खोलीचं भाडं. चार रुपये गावी, रत्नागिरी जिल्ह्यात, म्हातारा-म्हातारीला. उरले साडेआठ. त्यात तांदूळ, घासलेट, सरपण, मिठाची पुडी, मुलांचं औषध. ट्रामचे पैसे त्यात बसत नाहीत. घोड्यांची ट्राम चौदा वर्षं झाली धावतेय, तिच्या बाजूने तो चालत जातो. अर्धा तास.

सकाळी ९.००

गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस. आत शिरताच तेल, शाई आणि ओल्या कागदाचा वास. तो कोट खुंटीला लावतो, धोतर वर खोचतो, फडक्याने हात पुसतो. आणि केससमोर उभा राहतो. बसायचं नाही. जुळारी दिवसभर उभाच असतो.

केस म्हणजे लाकडी खण. इंग्रजी जुळाऱ्याला दीडशेएक घरांत भागतं. देवनागरीला शेकडो लागतात. अक्षर, अर्धं अक्षर, जोडाक्षर, उकार, वेलांटी, मात्रा, रफार, प्रत्येकाचं घर वेगळं. त्याला घरं पाठ आहेत. डोळे हस्तलिखितावर असतात आणि हात आपोआप हव्या त्या घरात जातो.

शहरात चांगले मराठी खिळे म्हटलं की निर्णयसागरचं नाव निघतं. जावजी दादाजींनी फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये छापखाना. त्यांची सुरुवात मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्यापासून झाली. सगळे जुळारी हे एकमेकांना सांगतात. आपल्यातला एक माणूस कुठवर गेला, हे सांगायला त्यांना बरं वाटतं.

दिवसाचं पहिलं काम जुळवायचं नसतं, सोडायचं असतं. मागच्या गुरुवारी छापून झालेली पानं मोडायची. प्रत्येक खिळा धुवायचा आणि आपापल्या घरात परत टाकायचा. खिळे मोजके आहेत. जुना मजकूर सुटल्याशिवाय नवा जुळत नाही. तो मूठभर ओळी डाव्या हातावर घेतो आणि उजव्या हाताने टाकत जातो. टिक, टिक, टिक. मागच्या आठवड्याची एक जाहीर नोटीस तासाभरात सुटून घरोघर जाते.

शेजारी नवा पोरगा उभा आहे, उमेदवार. त्याने एक अर्धा 'त' 'न'च्या घरात टाकला.

"काका, चुकलं का?"

"आत्ता नाही चुकलं. उद्या मी जुळवताना चुकेल. काढ तो."

सकाळी १०.३०

फोरमन हस्तलिखित आणून देतो. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतून आलेलं मराठी. कौन्सिलात सगळं इंग्रजीत चालतं. विधेयक इंग्रजीत लिहिलं जातं आणि वादही इंग्रजीत होतो. त्यानंतर ते देशी भाषांत उतरतं, म्हणजे ज्यांना तो कायदा लागायचा त्यांना वाचता यावा. मराठी, गुजराती, कानडी. प्रत्येकाचा जुळारी वेगळा.

"मास्तर, आज किती?"

"ही सतरा पानं. आणि दुपारी काही आलं तर ते."

उद्या गुरुवार. गुरुवारी सरकारी गॅझेट निघतं. ते थांबत नाही.

तो स्टिक डाव्या हातात घेतो. लोखंडी, लांबट, तीन बाजूंनी बंद. अंगठा आत. खिळा उचलायचा, खाच बघायची, उलटा लावायचा. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, अक्षर डोक्यावर उभं. आरशातल्यासारखं वाचायची सवय त्याला पंधराव्या वर्षी लागली. ओळ भरली की शेवटी जागा उरते किंवा कमी पडते. मग शब्दांमधल्या पट्ट्या बदलायच्या, ओळ घट्ट बसेपर्यंत. सैल राहिली तर छापताना खिळा वर येतो आणि कागद फाडतो.

कलम म्युनिसिपालिटीच्या घडणीचं आहे. कॉर्पोरेशनचे सभासद ७२. त्यातले ३६ वॉर्डांतून निवडायचे. १६ जस्टिसेस ऑफ द पीस निवडणार, १६ सरकार नेमणार. उरलेले युनिव्हर्सिटीचे फेलो आणि चेंबर ऑफ कॉमर्स यांच्याकडून. १८७२ च्या कायद्याने सभासद ६४ होते, आता आठ वाढले.

पुढचं कलम, मत कोणाला. कराची रक्कम येते. पूर्वी वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्याला मत होतं, आता तीस. सवलत मोठी आहे. वर्तमानपत्रांनी तिचं स्वागत केलंय. युनिव्हर्सिटीच्या पदवीधरांनाही मत मिळणार.

तो 'तीस' जुळवतो. त, वेलांटी, स. तीन खिळे.

त्याचं भाडं महिन्याला अडीच रुपये. बारा महिन्यांचे तीस. आकडा बरोबर तोच. पण ते भाडं आहे, कर नव्हे. कर घरमालक भरतो. कराचे पैसे भाड्यातून येतात, पावती मालकाच्या नावाने फाटते. यादीत नाव मालकाचं.

त्याचा हात थांबत नाही. थांबला तर सतरा पानं व्हायची नाहीत.

दुपारी १२.३०

एस्प्लनेडवर सेक्रेटरिएटची दगडी इमारत आहे, १८७४ ची. कौन्सिलचं दालन तिथेच. जुळाऱ्याने ते कधी आतून पाहिलेलं नाही. आपण जाऊन पाहू.

अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड रे. बाजूला त्यांच्या कार्यकारी कौन्सिलचे सभासद, ॲडव्होकेट जनरल, आणि कायदे करण्यापुरते घेतलेले जादा सभासद. १८६१ च्या कायद्याप्रमाणे हे जादा सभासद चार ते आठ असतात. निदान निम्मे बिनसरकारी हवेत. पण निवडलेला एकही नाही. सगळे गव्हर्नरने नेमलेले, दोन वर्षांसाठी.

पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली होती. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क. हिंदी सभासदांत नाना शंकरशेट होते, रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय, विंचूरकर आणि सावनूरचे नवाब होते. शेटिये, सरदार, संस्थानिक. आता दोन पदवीधर वकील बसलेत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता.

इथे काम एका ठरलेल्या रीतीने चालतं. विधेयक मांडायचं. पहिलं वाचन. मग सिलेक्ट कमिटी. तिथे कलमं उलटीपालटी होतात, आणि जुळाऱ्याचं निम्मं काम वाया जातं. मग दुसरं वाचन, कलमागून कलम. मग तिसरं. मग गव्हर्नरची संमती. मग कलकत्त्याला व्हाइसरॉयची. आणि तरीही लंडनहून भारतमंत्री कायदा रद्द करवू शकतो.

सभासदाला काय करता येत नाही, ती यादी याहून लांब आहे. सरकारला प्रश्न विचारता येत नाही. जमाखर्चावर बोलता येत नाही. पुढ्यात जे विधेयक आहे तेवढ्याचंच बोलायचं. मिठाचा कर का वाढवला, हे तेलंगांना इथे विचारता येत नाही. मेहतांनाही नाही. म्हणून १८८५ च्या डिसेंबरात, गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेस पहिल्यांदा भरली, तेव्हा कौन्सिलांच्या सुधारणेचा ठराव तेलंगांनी मांडला. निवडलेले सभासद हवेत आणि प्रश्न विचारायचा हक्क हवा. त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. उत्तर आलेलं नाही.

पण पुढ्यातल्या विधेयकावर ते बोलू शकतात, आणि बोलतात. विधेयक मांडलं सरकारी सभासद नेलर यांनी. भांडण मुळात एकाच गोष्टीचं आहे. शहराचा कारभार कोणाच्या हाती? सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या, की कॉर्पोरेशनच्या? मेहता १८७१ पासून हेच सांगत आलेत, तेव्हा तर ते विलायतेहून नुकतेच परतलेले तरुण बॅरिस्टर होते. कमिशनर हवा, त्याला काम करायला मोकळीक हवी, पण त्याच्यावर कॉर्पोरेशनची सत्ता हवी. तेलंग एकेक कलम उचलतात. आवाज चढवत नाहीत. इथे हा शब्द असला तर अर्थ असा होईल, तिथे तो काढला तर तसा.

समोर सरकारी सभासदांची संख्या मोठी आहे. मतं मोजली तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून मतं मोजायची वेळ येऊ द्यायची नाही. पटवायचं. कमिटीत बसून शब्दागणिक मिळवायचं. तेही कष्टच आहेत आणि ते मोलाचे आहेत.

यातून एक वाक्य कायद्यात येतं. शहराचा म्युनिसिपल कारभार कॉर्पोरेशनकडे राहील, जिथे वेगळं सांगितलं असेल तेवढं सोडून. पुढे ते कलम ६४ म्हणून ओळखलं जाईल.

दुपारी १.३०

छापखान्यात जेवणाची सुट्टी. नळावर हात धुवायची रांग. राखेने घासून घासून धुतात. शिसं नखांत बसतं, तिथून पोटात जातं. म्हाताऱ्या जुळाऱ्यांच्या हिरड्या निळसर दिसतात, पोटात कळा येतात. उपाय म्हणून गूळ खातात. आधी गुळाचा खडा, मग भाकरी. उमेदवार पोराकडे गूळ नाही. जुळारी आपल्यातला अर्धा तोडून देतो.

"रोज खायचा?"

"रोज. घरून घेऊन यायचा. मी रोज नाही देणार."

भाकरी खाऊन तो एक कार्ड काढतो. पोस्टकार्ड एका पैशाला मिळतं, १८७९ पासून. बापाला लिहायचंय. बापाने गावच्या मास्तरांकडून लिहवून पाठवलंय की खोताचा माणूस पुन्हा आला होता. भात किती झालं, कुठल्या शेताचा निम्मा द्यायचा, कुठल्याचा तिसरा. अर्धेल आणि तिर्धेल. बाप विचारतो, तू सरकारी छापखान्यात आहेस, कायदा काय म्हणतो ते कळव.

कायदा त्याला ठाऊक आहे. खोती कायदा, १८८० चा पहिला. हेच कौन्सिल. त्या वेळी खोतांची बाजू लढवायला रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक होते. मुरूडचे, स्वतः खोत घराण्यातले, कायद्याचे मोठे पंडित. खोतांना त्यांच्याहून चांगला वकील मिळाला नसता. कुळांच्या बाजूने बोलणारे साहेब होते, कलेक्टरीतले. स्वतः कूळ असलेला कौन्सिलात कोणी नव्हता.

तो कार्डावर बारीक अक्षरांत लिहितो. ज्या शेतावर आपला कायमचा कब्जा सरकारी कागदात लिहिलाय, त्याचा हिस्सा कागदात ठरलाय, त्याहून जास्त देऊ नये. कागद मामलेदार कचेरीत बघावा. मास्तरांना बरोबर न्यावं. पैसे पहिल्या तारखेनंतर मनिऑर्डरने पाठवतो.

कार्डावर जागा संपली. आईची चौकशी कडेला, उभी.

दुपारी ३.००

सेक्रेटरिएटचा पट्टेवाला येतो. लाल पट्टा, काखेत बस्ता. फोरमन सही करून घेतो. नवे कागद.

सिलेक्ट कमिटीने बदललेली आणखी तीन कलमं. इंग्रजी मजकूर इंग्रजीच्या केसकडे जातो. मराठी तासाभरात येईल, ट्रान्सलेटरच्या कचेरीत माणूस बसलाय. पण जी कलमं जुळवून झाली त्यांचे आकडे बदलले. मधे एक घुसलं की पुढची सगळी एकाने सरकतात. आणि कलमाच्या पोटात दुसऱ्या कलमाचा हवाला असतो. 'कलम अमुक यात सांगितल्याप्रमाणे.' तोही बदलायचा. प्रत्येक ठिकाणी.

दालनात एक दुरुस्ती मान्य व्हायला पाच मिनिटं लागतात. ती इथे पोचली की दोन माणसांची दुपार जाते. आणि कोणाची तक्रार नाही. चुकीचा आकडा छापला तर उद्या कोर्टात त्यावर माणूस सुटेल किंवा अडकेल, हे त्यांना कळतं.

तो टोच्या घेतो. लाकडी मूठ, पुढे सुई. गॅलीतली, म्हणजे जुळवलेल्या ओळींच्या तबकातली, ओळ किंचित सैल करायची, चुकीचा खिळा सुईने वर उचलायचा, चिमट्याने काढायचा, नवा बसवायचा. '१२' ची जाडी '१३' एवढीच, म्हणून बरं. पण '९' चं '१०' झालं की ओळ फुगते. मग शब्दांमधली पट्टी पातळ करायची.

खिडकीतून ऊन सरकत भिंतीवर गेलंय. डोळे चुरचुरतात.

संध्याकाळी ५.००

गॅलीवर रूळ फिरतो, कागद पसरतो, ठोकतात, उचलतात. प्रूफ.

वाचनाची खोली लहान आहे. एक वाचक आणि एक सांगणारा. सांगणारा हस्तलिखितातून मोठ्याने म्हणतो, वाचक प्रूफावर बोट ठेवून चालतो. सगळं म्हणायचं. विरामसुद्धा.

"इमारतीचा मालक स्वल्पविराम किंवा भोगवटा करणारा स्वल्पविराम यास लेखी नोटीस..."

"थांबा. 'यास' की 'यांस'?"

"'यास'. अनुस्वार नाही."

एक अनुस्वार. मालक आणि भोगवटादार दोघांना नोटीस द्यायची की दोघांतल्या एकाला, हे त्यावर राहील. वाचक इंग्रजी मागवतो. ताडून बघतो. 'यास' बरोबर.

विधेयकात शहर सगळं आहे. गटारं किती खोल. नळ कोणी दुरुस्त करायचा. रस्त्यावर दिवे. देवी टोचणं. बाजार, कत्तलखाने, स्मशानं, कब्रस्तानं. मोडकळलेलं घर. रस्त्यात आलेला ओटा. ज्यांनी हे लिहिलं ते बंगल्यांत राहणारे लोक असले तरी त्यांनी चाळीची मोरी कागदावर आणली. म्युनिसिपालिटीने काय काय केलंच पाहिजे, त्याची यादी कायद्यात घातली. केलं तर बरं असं नव्हे, केलंच पाहिजे. जुळाऱ्याला ती यादी आवडते. ती जुळवताना तो चुकला नाही.

आजच्या प्रूफात चुका अकरा. नऊ त्याच्या, दोन हस्तलिखितातल्या. फोरमन नऊवर लाल रेघ मारतो, काही बोलत नाही. नऊ फार नाहीत. वीस झाल्या असत्या तर बोलला असता.

संध्याकाळी ६.४५

गॅस लावलाय. दुरुस्त्या झाल्या. आता पानं लोखंडी चौकटीत बसवायची. पानांमध्ये लाकडी ठोकळे, कडेला पाचरी. हातोडी आणि लाकडी तुकडा घेऊन वरून हलके ठोकायचं, म्हणजे सगळे खिळे एका उंचीवर. मग पाचरी आवळायच्या. मग चौकट एका बाजूने जराशी उचलून बघायची. एकही खिळा खाली पडला नाही, तर फर्मा झाला.

नुसतं शिसं. दोन हमाल फर्मा उचलतात आणि कडेकडेने चालत यंत्राकडे नेतात. वाटेत उभ्या माणसांना ते ओरडून बाजूला करतात. हा पडला तर सबंध दिवस जमिनीवर सांडेल. हमाल अनवाणी आहेत. त्यांना वाचता येत नाही. विधेयकाचं वजन मात्र त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

यंत्र सुरू होतं. पहिले काही कागद वाया. शाई एका कोपऱ्यात फिकी. यंत्रवाला फर्म्याखाली कागदाची चिंधी सारतो आणि पुन्हा चालवतो. आता ठीक. कागद पडू लागतात.

रात्री ८.३०

दप्तरी खाली बसून घड्या घालतात. हस्तिदंती पट्टी घडीवरून सपकन फिरते. एक, दोन, तीन घड्या. शिवण. गठ्ठा. सुतळी. पत्ता. कलेक्टर कचेऱ्या, कोर्टं, खाती. रातोरात काही गठ्ठे पोस्टात जातील, बाकीचे सकाळी.

जुळारी आपलं पान एकदा हातात घेऊन बघतो. शाई ओली आहे, कडेने धरायचं. दिवसभर उलटं पाहिलेलं आता सुलटं. ते कलम तिथेच आहे. तीस रुपये. ओळ सरळ, अक्षर स्वच्छ, खिळा कुठे उडालेला नाही.

"निघू का, मास्तर?"

"निघा. उद्या वेळेवर या. सोडायचं पुष्कळ आहे."

रात्री ९.१५

परतीच्या वाटेवर वाण्याचं दुकान अजून उघडं आहे. मिठाची पुडी, गुळाचा खडा, दिव्यापुरतं घासलेट. सव्वा आणा. पोस्टकार्ड पेटीत.

चाळीच्या ओट्यावर शेजारी विडी ओढत बसलाय. परळच्या गिरणीत साच्यावर असतो. १८८४ मध्ये सुपारीबागेच्या सभेत नारायण मेघाजी लोखंड्यांनी अर्ज पुढे केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. त्यात याचाही अंगठा होता. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास द्या, पगार वेळेवर द्या. सुट्टी अजून मिळालेली नाही. जुळाऱ्याला रविवार मोकळा असतो, म्हणून तो गिरणीवाल्यासमोर रविवारचा विषय काढत नाही.

"आज उशीर?"

"गॅझेट."

"काय छापलंत?"

"म्युनिसिपालटीचा नवा कायदा. अजून व्हायचाय. विधेयक आहे."

"त्यात आपलं काय आहे?"

जुळारी ओट्यावर टेकतो. आज पहिल्यांदाच बसलाय. बोटांवर मोजतो. नळ आहे. मोरी आहे. दिवे आहेत. संडास सफा करायचं आहे. देवीची टोचणी आहे. मालकाने जिना दुरुस्त केला नाही तर नोटीस आहे.

"आणि माणसं कोण निवडणार?"

"वर्षाला तीस रुपये कर भरेल तो."

"तुम्ही भाडं भरता की."

"भाडं भरतो. कर मालक भरतो."

"मालक कुठून भरतो?"

जुळारी हसत नाही, रागावतही नाही. प्रश्न बरोबर आहे. दुपारी दालनात कोणी तो विचारला असता तर टिपून घेतला गेला असता, छापखान्यात आला असता, आणि जुळाऱ्याने तोही जुळवला असता.

रात्री १०.१५

मुलं झोपलीत. बायको मिठाची पुडी बरणीत रिकामी करते, कागद झटकते, चूल सारवते. पहाटे पाचला तिला पुन्हा नळावर जायचंय. जुळाऱ्याची पोटरी दुखते. तेल लावून तो आडवा होतो.

विधेयक त्याच वर्षी कायदा झालं. मुंबईचा १८८८ चा तिसरा ॲक्ट. पुष्कळ दुरुस्त्या होऊनही मुंबई महापालिका आजही त्यावरच चालते, आणि मेहता-तेलंगांनी झगडून मिळवलेली कॉर्पोरेशनची सत्ता त्यात अजून आहे. गिरणीला रविवार १८९० मध्ये मिळाला. कौन्सिलात प्रश्न विचारायचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, उपप्रश्न मात्र विचारायचा नाही. मुंबईत प्रत्येक सज्ञान माणसाच्या मतावर महापालिकेची निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडलं. जुळाऱ्याचं, हमालाचं, हलालखोराचं, गिरणीवाल्याचं आणि पहाटे पाचला नळावर उभ्या राहणाऱ्या बाईचं नाव मतदारांच्या यादीत यायला साठ वर्षं लागली. त्या साठ वर्षांतही पाण्याचा, गटाराचा, दिव्याचा कर ही सगळी माणसं भरतच होती. तो भाड्यातून जात होता.